बुरूज बांधण्याआधीचा हिशेब
अभ्यासपाठ. शास्त्रभाग : लूक १४:२८-३०, २ करिंथ ८:१०-११



बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. हा दाखला शिष्यत्वाविषयी आहे, हे आपण जाणतो. पण प्रभूने उदाहरण घेतले ते रोजच्या व्यवहारातले, आणि आज आपण व्यवहारच पाहणार आहोत. सिन्नर तालुक्यातील ठाकर, महादेव कोळी, भिल्ल घरांतली मुले बी.ए., बी.एस्सी. होऊन एम.ए., एम.एस्सी.ची स्वप्ने पाहतात. घरात पदवीपर्यंत पोहोचलेले तेच पहिले. पुढचा हिशेब मांडून दाखवणारे कोणी नसते.

पहिली गोष्ट स्पष्ट असू द्या. एम.ए., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला विभाग स्वतःहून पैसा देईल, असे गृहीत धरू नये. गेट परीक्षेतून एम.टेक.ला गेलेल्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. नेट-जेआरएफची रक्कम संशोधनासाठी, म्हणजे पदव्युत्तर पदवीनंतर. मधली दोन वर्षे आपल्यालाच उभी करावी लागतात.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मोठा आधार आहे तो भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि अर्ज महाडीबीटीवर करायचा. एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयाच्या एम.ए.ला ती मिळत नाही, म्हणून विषय विचार करून निवडावा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वयम योजनेतून भोजन व निवासाचा भत्ता मागता येतो; त्यासाठी नाशिकच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. आपल्या काही कुटुंबांना वाटते की ख्रिस्ती झाल्यामुळे हे काही आपल्याला नाही. १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही. खरी माहिती भरून अर्ज करावा, भिऊन घरी बसू नये.

मग अडते कुठे? तारखांत. प्रवेश, परीक्षा फॉर्म, खोलीची अनामत, खाणावळीची आगाऊ रक्कम हे सारे जून ते ऑगस्टमध्ये लागते. शिष्यवृत्ती खात्यात येते ती वर्ष सरता सरता, कधी त्याहून उशिरा. सिन्नर ते नाशिक तीसेक किलोमीटर. बसच्या पासालाही रोख लागते. पैसा मंजूर आहे, पण हातात नाही, आणि तेवढ्यावर मुलगा एखाद्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागतो. “पुढच्या वर्षी बघू” म्हणतो. ते पुढचे वर्ष बहुधा येत नाही.

शिष्यवृत्ती अर्ध्यावर सुटल्यावर काय करावे, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढे लंडनला शिकत असताना मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास टाकून परतावे लागले. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. १९२० मध्ये ते लंडनला परत गेले आणि १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. एकाच दात्याने सारे केले नाही. पगार, मदत, उसने, असे तीन ठिकाणांहून जुळवावे लागले. भथेनांचे कर्ज मला विशेष वाटते, कारण ते वेळेवर आले.

करिंथच्या मंडळीनेही दान देण्याचे आदल्या वर्षीच ठरवले होते. पौल त्यांना आरंभ केलेले पुरे करायला सांगतो. आपल्या मंडळीतही संकल्प खूप होतात; बहुतेक नाताळात. विद्यार्थ्याला मात्र पैसा जूनमध्ये लागतो.

म्हणून माझे मत असे, की मोठी देणगी शोधण्यापेक्षा मंडळीने छोटा फिरता निधी ठेवावा. जूनमध्ये बिनव्याजी उसने द्यावे, शिष्यवृत्ती आली की परत घ्यावे, तेच पैसे दुसऱ्याला द्यावेत. वही पाळकाकडे नको, दोन वडीलधाऱ्यांकडे असावी. त्यात एक बहीण हवीच. शिष्यवृत्ती नामंजूर झाली तर काय, हे आधीच लिहून ठेवावे, म्हणजे मुलाला मंडळीत तोंड लपवावे लागणार नाही. बँकेचे शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते, पण साध्या एम.ए.साठी मी ते शेवटी ठेवीन.

विद्यार्थ्याने उन्हाळ्यातच उत्पन्नाचा दाखला काढावा, जात वैधता प्रमाणपत्र जवळ ठेवावे आणि बँक खाते आधारला जोडलेले आहे का ते पाहावे.

चर्चेसाठी :
१) आपल्या मंडळीतील कोण यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे? त्याच्या घरी जाऊन खर्चाची यादी कोणी केली आहे का?
२) गेल्या नाताळात शिक्षणासाठी बोललेली रक्कम आज कुठे आहे?