खोक्यावरचा आकडा आणि आतला साचा

प्लास्टिकच्या मोटारी आणि ट्रक जोडण्याचा छंद ज्यांना नव्याने लागला आहे, त्यांना माझे पहिले सांगणे असते की खोका बघून किट घेऊ नका. खोका तीन गोष्टी सांगतो. वरचे चित्र, कोपऱ्यातले साल आणि ‘१/२५’ किंवा ‘१/२४’ असे प्रमाण. या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही गिऱ्हाईक फसते. चित्र चित्रकाराने खऱ्या गाडीवरून काढलेले असते, आतल्या प्लास्टिकवरून नव्हे. साल बहुतेक वेळा खोक्याच्या छपाईचे असते. प्रमाण हा कंपनीचा दावा असतो आणि तो पट्टी लावून तपासायला दुकानदार देत नाही. किट अचूक निघणार की नाही हे या तिन्हींवर ठरत नाही. ते ठरते ज्या पोलादी साच्यातून प्लास्टिक बाहेर पडले त्यावर. तो साचा कुणी कापला, कधी कापला आणि मुख्य म्हणजे कशासाठी कापला? आपल्याकडे ही किटे बाहेरून येतात, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क बसते. चुकीची खरेदी परत पाठवणे म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा करणे. म्हणून हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचा असतो.

भोसरी किंवा चाकणच्या टूलरूममध्ये काम केलेल्या कुणालाही साच्याचे अर्थकारण समजावून सांगावे लागत नाही. वस्तूतले प्लास्टिक स्वस्त असते, महाग असतो तो साचा. पण तो टिकतो मात्र पिढ्यान्‌पिढ्या, आणि अनेकदा कंपनी बुडाली तरी साचा जगतो. अमेरिकेतल्या एएमटीचेच पाहा. १९७८ मध्ये ती ब्रिटनच्या लेस्नीकडे, म्हणजे मॅचबॉक्सवाल्यांकडे गेली. पुढच्या दशकात अर्टलने ती घेतली, एमपीसी ही तिची जुनी प्रतिस्पर्धीही अर्टलच्याच छत्राखाली आली, आणि आज दोन्हींचे साचे इंडियानातल्या राउंड टू या कंपनीकडे आहेत. रेव्हेल कॅलिफोर्नियातली, मोनोग्राम शिकागोची. १९८६ मध्ये दोन्ही एका मालकाकडे आल्या. त्यांची नंतरची मालक हॉबिको २०१८ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली आणि रेव्हेलचा कारभार जर्मनीतून चालू लागला. या खरेदी-विक्रीचा ग्राहकाला बसणारा फटका साधा आहे. मोनोग्रामचा जुना १/२४ चा साचा रेव्हेलच्या खोक्यातून येतो, एमपीसीचा एएमटीच्या खोक्यातून. आपल्या कपाटात आधीच असलेले किट नव्या चित्राखाली दुसऱ्यांदा विकत घेणारे लोक या छंदात थोडेथोडके नाहीत.

अमेरिकन मोटारींच्या किटांचा उगम खेळण्यांच्या दुकानात नाही, मोटार विक्रेत्यांच्या शोरूममध्ये आहे. एएमटी १९४८ मध्ये सुरू झाली. नावाचे पूर्ण रूप ‘अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज’, कारण पहिली फोर्ड अॅल्युमिनियमची होती. लवकरच प्लास्टिक आले. डेट्रॉइट परिसरातल्या एएमटी आणि जो-हान या कंपन्या दरवर्षी नव्या मॉडेलची लहान, जोडलेली प्रतिकृती मोटार कंपन्यांसाठी बनवत. विक्रेता ती ग्राहकाला रंगाचा नमुना म्हणून दाखवी, नाहीतर गाडी घेणाऱ्याच्या मुलाच्या हातात देई. या प्रतिकृतींना ‘प्रोमो’ म्हणत. गाडी बाजारात येईल त्याच वेळी प्रोमोही तयार हवा, म्हणून मोटार कंपनी स्वतःची रेखाचित्रे आधीच देत असे. १९५८ मध्ये एएमटीने त्याच साच्यांतून सुटे भाग विकायला सुरुवात केली. एकाच खोक्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची गाडी करता यावी, अशी ती तीन तऱ्हांची किटे. माझ्या युक्तिवादाचा सगळ्यात भक्कम पुरावा इथेच आहे. या साच्यांतल्या बॉडीचे छप्पर, काचांचा उतार, बाजूची वळणे बहुधा उत्तम असतात, कारण ती कारखान्याच्या कागदावरून आली. गाडी उलटी केली की मात्र चित्र पालटते. खालचा भाग म्हणजे एक सपाट पत्रा, त्यावर उठावाने कोरलेला एक्झॉस्ट. पुढच्या चाकांचा धातूचा आस चक्क इंजिनाच्या ठोकळ्यातून आरपार. याला आळस म्हणणे अन्याय होईल. प्रोमो कुणी उलटा करून पाहणार नव्हते, त्यामुळे त्या भागासाठी कुणी पैसा मोजला नाही. एकाच किटमध्ये वरचा अर्धा भाग अव्वल आणि खालचा अर्धा ढोबळ का, याचे उत्तर साच्याच्या हेतूत सापडते, कारागिराच्या कौशल्यात नाही.

प्रोमोच्या पद्धतीत आणखी एक खोच होती. मोटारी दरवर्षी बदलत, म्हणून साचाही बदलावा लागे. नवा साचा कापण्यापेक्षा जुन्यातच पोलाद भरून, घासून पुढच्या सालची जाळी, दिवे आणि मागची टोके कोरणे स्वस्त पडे. म्हणजे ज्या क्षणी पुढच्या वर्षीची गाडी तयार झाली, त्या क्षणी आदल्या वर्षीची कायमची गेली. साठीच्या दशकाच्या शेवटी ड्रॅग शर्यतींची लाट आली तेव्हा तर काही साध्या गाड्यांच्या साच्यांची चाकांची कमान कापून, बॉनेटला भोक पाडून शर्यतीची रूपे केली गेली. आज तो साचा पुन्हा बाहेर निघतो आणि खोक्यावर ‘मूळ रूपातही जोडता येते’ असे छापलेले असते. पण मूळ कमान परत आलेली नसते. इथे सावध राहायला एकच उपाय आहे. सुट्या भागांच्या पट्ट्यांचे, म्हणजे स्प्रूचे, छायाचित्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चित्रातली गाडी भूल पाडते, स्प्रू पाडू शकत नाही. अलीकडे राउंड टूने जुन्या, न जोडलेल्या किटांचे भाग स्कॅन करून हरवलेल्या बॉडींचे नवे साचे केले आहेत. काम मोलाचे आहे. पण तिथे नव्या साच्याने नक्कल केली आहे ती जुन्या किटची, जुन्या गाडीची नव्हे, आणि जुन्या किटातली चूक असल्यास तीही निष्ठेने उतरते.

जपानची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. शिझुओका शहरातली तामिया मुळात लाकडाची वखार. १९६० मध्ये तिने पहिले प्लास्टिक मॉडेल काढले, यामातो युद्धनौकेचे. तिथली मुले मॉडेल नुसते ठेवत नसत, चालवत, त्यामुळे मोटर आणि बॅटरी आत बसणे ही पहिली अट होती. रणगाड्यांचे आज जगभर रुळलेले १/३५ हे प्रमाण असेच जन्मले. पँथर रणगाड्यात बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला आणि नंतर भागाकार करून पाहिला, तर उत्तर साधारण ३५ आले. मोटारींतही हाच वारसा उतरला. चालणाऱ्या किटांत मोटर मावावी म्हणून आतली जमीन उचललेली असते, सीटा उथळ असतात, बॉनेटखाली इंजिनाचा पत्ता नसतो. याच कंपनीचे पुढे अनेक वर्षे प्रमुख राहिलेले शुन्साकू तामिया यांनी १/१२ ची पोर्शे ९३४ काढण्यासाठी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा भाग न्‌ भाग सुटा केला. ती परत जोडायला मात्र पोर्शेचेच तंत्रज्ञ लागले. १९७६ साली ते मॉडेल आले आणि त्याच वर्षी कंपनीची पहिली रिमोटवर चालणारी मोटारही त्याच गाडीची निघाली. एकाच कंपनीच्या कपाटात असा वेड लागलेला काटेकोरपणा आणि उथळ सीटा शेजारी शेजारी नांदतात. म्हणून ‘अमुक कंपनीचे आहे ना, मग बरोबरच असणार’ हा विश्वास मला पटत नाही.

आता आकड्यांकडे. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, इंच-फुटांच्या जगातले सोपे गणित. १/२५ त्याच्याहून फक्त ४ टक्क्यांनी लहान. ऐकायला हे किरकोळ वाटते. १९५७ च्या शेव्हरलेचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर) ११५ इंच, म्हणजे २९२१ मिलिमीटर. १/२५ मध्ये तो ११६.८ यायला हवा, १/२४ मध्ये १२१.७. कपाटात वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवल्या तर हे ५ मिलिमीटर कुणाला दिसणार नाहीत. ट्रकमध्ये मात्र हा फरक छळतो, कारण तिथे दोन किटे एकमेकांना जोडायची असतात. एएमटीचे अमेरिकन ट्रक १/२५ चे, इटलीच्या इटालेरीचे १/२४ चे. ४० फुटी ट्रेलर एका प्रमाणात सुमारे ४८८ मिलिमीटर होतो, दुसऱ्यात ५०८. ज्या चकतीवर ट्रेलर टेकतो ते फिफ्थ व्हील खऱ्या ट्रकवर जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंच असते. मॉडेलमध्ये ही उंची ४८ की ५०, एवढ्याने ट्रेलर नाक खाली घालून उभा राहतो. चाके, टायर, चासीची रुंदी यांचेही तेच. स्वस्तात मिळाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा ट्रेलर घेणाऱ्याने आधी व्हर्नियर हातात घ्यावा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. आता लेझर स्कॅनिंग आहे, संगणकावर आरेखन होते, मग नवे किट घेतले की हा सगळा इतिहास उगाळायची गरज काय? गरज आहे, कारण खरी गाडी २५ ने भागून साच्यात घालता येत नाही. दाराचा पत्रा असतो जेमतेम ०.८ मिलिमीटर. भागल्यावर उरतात ०.०३. एवढे पातळ पॉलिस्टायरीन साच्यात वाहत नाही, म्हणून भिंत साधारण १ मिलिमीटरची ठेवतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबाने अडीच सेंटिमीटर. दारांमधली फट रंगाखाली बुजू नये म्हणून रुंद कोरावी लागते. भाग साच्यातून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तडजोड ठरवते, आणि ती ठरवणाऱ्याची नजर स्कॅनरमधून येत नाही. संगणकाच्या काळातल्या किटांवरही छप्पर चपटे झाले, काच बुटकी झाली अशा तक्रारी होतात, आणि कारखान्याच्या कागदावरून निघालेली साठीच्या दशकातली बॉडी त्यांच्याशेजारी ताठ मानेने उभी राहते. नवे ते चांगले हा नियम खालच्या भागाला बहुतांशी लागू पडतो, बॉडीला नाही.

मात्र छपराच्या तक्रारी वाचताना तक्रारदाराचीही तपासणी करावी. माणसाची नजर जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर असते. १/२५ मध्ये ती ६४ मिलिमीटरवर यायला हवी. आपण मॉडेल पाहतो ते टेबलावर वाकून, म्हणजे खऱ्या गाडीकडे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून पाहावे तसे. साहजिकच छप्पर रुंद आणि काचा बुटक्या दिसतात. फोनचा रुंद कोनाचा कॅमेरा वीतभर अंतरावर धरला तर पुढचे नाक फुगते आणि मागची बाजू आक्रसते. तुलना करायची तर खऱ्या गाडीचा फोटो जितक्या अंतरावरून काढला असेल त्याच्या २५ व्या हिश्शावर, त्याच उंचीवर डोळा ठेवावा. ५ मीटरवरून काढलेल्या फोटोसाठी मॉडेलपासून २० सेंटिमीटर. एवढे केल्यावरही जे खटकते ती साच्याची चूक.

‘छंद आहे, आनंदासाठी आहे, मिलिमीटर कशाला मोजायचे?’ असेही विचारले जाते. ज्याला लाल रंगाची सुंदर गाडी फळीवर हवी आहे त्याने मोजू नये, माझी काही तक्रार नाही. ज्याला विशिष्ट सालची, विशिष्ट गाडी हवी आहे त्याचा आनंदच तिच्या खरेपणात आहे. ‘मग कंपनीने साच्याचे साल खोक्यावर का छापू नये?’ हा प्रश्न मला रास्त वाटतो. छापायलाच हवे. पण जुने चित्र जसेच्या तसे छापले की जुन्या आठवणींचे ग्राहक खेचले जातात, त्यामुळे कंपन्यांना तशी घाई नाही. त्यांची बाजूही आहे. शेकडो भागांच्या अमेरिकन ट्रकसाठी नवा साचा कापणे एवढ्याशा बाजारात परवडत नाही. २०१० च्या सुमारास मोबियस या कंपनीने इंटरनॅशनल लोनस्टार हा १/२५ चा नवा ट्रक काढला, त्याचे एवढे कौतुक झाले ते अशी उदाहरणे दुर्मीळ म्हणूनच. जुने साचे पुन्हा चालवले नसते तर सत्तरच्या दशकातले पीटरबिल्ट आणि केनवर्थ आज जोडायला मिळालेच नसते.

मोजमापावर मी एवढा भर देतो, तरी मोजमापही पुरते बोलत नाही, याचे उदाहरण आपल्याच रस्त्यांवर आहे. महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षे आपल्याकडे दिसली ती तिची सीजे-३बी ही आवृत्ती. ती जीप करायची म्हणून तामियाचे १/३५ चे, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचे किट घेण्याचा मोह होतो. व्हीलबेस मोजला तर जुळतो. दोन्ही गाड्यांचा ८० इंच, मॉडेलवर ५८ मिलिमीटर. किटमध्ये चूक नाही, ते एमबीचे चोख किट आहे. पण सीजे-३बी मध्ये उंच हरिकेन इंजिन बसवण्यासाठी बॉनेट आणि पुढची जाळी उचललेली होती, आणि आपल्या डोळ्यांत जी जीप बसली आहे ती त्या उंच नाकाची. तिथे बॉनेटच्या बाजू आणि जाळी प्लास्टिकच्या पत्र्यातून नव्याने कापाव्या लागतात. त्या किती उंच करायच्या हे व्हीलबेसवरून कळणार नाही. त्यासाठी खऱ्या जीपच्या शेजारी टेप घेऊन उभे राहावे, आणि त्या जुन्या जीपवर नंतर कुणी बॉनेट बदललेले नाही ना, हे मालकाला आधी विचारून घ्यावे.