अंजीर, द्राक्षवेल आणि जैतून

शास्त्रपाठ : अनुवाद ८:७-१८, हबक्कूक ३:१६-१९



संकटात देवावर भरवसा ठेवा, यावर आपण पुष्कळ संदेश ऐकतो. बरे दिवस आल्यावर भरवसा कसा ठेवायचा, यावर क्वचितच कोणी बोलते. म्हणून या वेळी वरचे दोन उतारे शेजारी ठेवून वाचू या.

पहिला मोशेचा. इस्राएल लोक ४० वर्षे रानात होते. मान्ना रोजच्या रोज वेचायचा. शब्बाथाच्या आदला दिवस सोडला, तर उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडत (निर्गम १६). कणगी नाही, कोठार नाही. भरवसा ठेवण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. आता समोर नवा देश आहे आणि मोशे तिथली संपत्ती मोजून दाखवतो : गहू, सातू, द्राक्षवेली, अंजीर, डाळिंबे, जैतून, मध. लगेच तो सावधही करतो. पण दुष्काळापासून नव्हे. पोटे भरतील, चांगली घरे होतील, गुरेमेंढरे वाढतील आणि मग हे सगळे माझ्याच मनगटाच्या जोरावर मिळाले असे मनात म्हणाल, याची त्याला धास्ती आहे.

दुसरा उतारा हबक्कूकचा. अवघ्या तीन अध्यायांचे पुस्तक. देशात अन्याय चालला आहे, तू ऐकत का नाहीस, असा जाब संदेष्टा देवाला विचारतो. उत्तर मिळते ते आणखी भयंकर : खास्दी चालून येणार आहेत. मग तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, अंजीर फुलले नाही, वेलीला फळ नाही, जैतून फसले, शेत पिकले नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन. यादी जवळजवळ तीच आहे. मोशेने देवाचे दान म्हणून जे दाखवले, ते हबक्कूक एकेक करून खोडत जातो.

पण त्याआधीचे १६ वे वचन गाळू नका. तिथे त्याचे ओठ थरथरतात, पाय लटपटतात. भरवसा ठेवणारा माणूस घाबरतोही. दुःखी घरात जाऊन "तुमचा विश्वास कमी पडला" असे सांगणारे आपल्या मंडळ्यांतही आहेत. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर ठीक होते!

आमच्या डोंगरपाड्यांवर ही यादी नागली, वरई, भात, मोह आणि शेळ्या अशी वाचावी लागते. कापलेले भात खाचरात पडलेले असताना परतीचा पाऊस आला, की दाण्यांना कोंब फुटतात. मग दिवाळीनंतर अख्खे कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर जाते आणि मुलांची शाळा सुटते. अशाच एका वर्षी एका आजींनी प्रार्थनेत देवाला सरळ विचारले, "बापा, चार दिवस पाऊस थांबवला असतास, तर तुझं काय गेलं असतं?" कोणीतरी त्यांना दटावले. मला वाटते, दटावायला नको होते. आजींनी पाठ फिरवली असती तर काळजी होती. त्या तर देवाकडेच तोंड करून बोलत होत्या.

आणखी एक सांगायला हवे. साप चावला किंवा लेकराचा ताप उतरेना, तर भरवसा आहे म्हणून घरी बसू नये. प्रार्थना करत करतच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

आता आपल्याकडे, म्हणजे महिन्याचा पगार हातात येणाऱ्यांकडे वळू. फिलिप्पै ४:१३ आपल्या किती तरी घरांत कॅलेंडरवर असते. त्याच्या आदल्या वचनात पौल, तोही बंदिवासातून, लिहितो की उपासमार आणि विपुलता ही दोन्ही मी शिकलो आहे. विपुलताही शिकावी लागते!

ती कशी शिकायची, याचा धडा अनुवाद २४:१९-२२ मध्ये आहे. शेतात पेंढी विसरली तर आणायला परत जाऊ नका. जैतून एकदा झोडपल्यावर पुन्हा फांद्या धुंडाळू नका. द्राक्षमळा दुसऱ्यांदा खुडू नका. राहील ते उपऱ्याचे, पोरक्याचे, विधवेचे. पुन्हा तेच जैतून, तीच द्राक्षे. आणि पेंढी सोडून घरी जाणाऱ्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षीच्या पावसाची कसली हमी होती?

रूथ अशाच शेतात सरवा वेचायला गेली. घरात सासू नामी होती. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमास परतलेली, मला आता मारा म्हणा, असे गावातल्या बायांना सांगणारी. बवाजाने गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतून कणसे ओढून टाकायला लावली (रूथ २:१६). संध्याकाळी रूथने वेचलेले झोडपले तेव्हा एफाभर सातू निघाले. ते पाहून, आणि बवाजाचे नाव ऐकून, त्याच नामीने देवाच्या दयेची आठवण काढली.