पहिलीच्या आधी शू-शीची तयारी

मूल शाळेत जाणार म्हटलं की घरात दप्तर, डबा, पाटी-पेन्सिल यांची धांदल उडते. शू-शीबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या लेकीचं सगळं तिथेच अडलं. पहिलीत गेली तेव्हा तिला मुळाक्षरं येत होती, शंभरपर्यंत आकडे पाठ होते. जून संपता संपता ताप आला, शू करताना आग होऊ लागली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी तिलाच गोडीत विचारलं, तेव्हा कळलं की ती शाळेत शूला जातच नव्हती. लागू नये म्हणून पाणीही पीत नव्हती.

घरी कमोड, शाळेत भारतीय पद्धतीचं शौचालय. उकिडवं बसून पाय कुठे ठेवायचे, मगने पाणी कसं घ्यायचं, हे तिने कधी केलंच नव्हतं. आत अंधार, कडी उंच. त्यात फ्रॉकखालच्या स्लॅक्सची नाडी एकटीला सुटेना. आणि अनोळखी बाईंना सांगायची लाज!

म्हणून मे महिन्यातच तयारीला लागा. गावी किंवा नातेवाइकांकडे भारतीय शौचालय असेल तर तिथे सवय करून घ्या. नाडी-हूक नको, इलॅस्टिक बरं. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, साबणाने हात धुणं त्याच्या जोडीलाच. घरातून निघताना आणि छोट्या सुट्टीत, लागली नसली तरी, जाऊन यायचं. ‘बाई, मला शूला जायचंय’ हे वाक्य शेजारच्या काकूंपाशी, मावशीपाशी मोठ्याने म्हणवून घ्या. दप्तरात एक जादा चड्डी ठेवा. कपडे ओले झाले तर रागवू नका. भीती बसली की मूल आणखी दाबून धरतं.

प्रवेश घेताना शौचालय स्वतः आत जाऊन बघा. मुला-मुलींसाठी वेगळी शौचालयं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी हे 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातले शाळेचे निकष आहेत, तेव्हा विचारायला संकोच कशाला?

पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येत असेल, मूल घरात शिरताच मोरीकडे धावत असेल, तर त्याच्याशी शांतपणे बोला. आग, ताप किंवा सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय पुन्हा दिसली, तर डॉक्टरांना दाखवाच.

आणि बाईंना, गुरुजींना कळकळीची विनंती: तास चालू असताना एखादं पोर करंगळी वर करून उभं राहिलं, तर ‘सुट्टीत जा’ म्हणू नका. लगेच जाऊ द्या.