आपल्या वाहनावर वृद्धांचा हक्क

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या संग्रहांत आलेल्या एका हदीसचा आशय असा आहे की, सूर्योदय होणाऱ्या प्रत्येक दिवशी माणसाच्या प्रत्येक सांध्यावर सदका असतो. त्या सदक्याचे जे प्रकार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, त्यांत एखाद्याला त्याच्या वाहनावर चढण्यास मदत करणे आणि त्याचे सामान वर उचलून देणे यांचाही समावेश आहे.

बंधू-भगिनींनो, आज उंटाची जागा मोटारीने घेतली आहे. गरज मात्र तीच आहे. कोकणातील कित्येक घरांत कर्ते पुत्र आखाती देशांत असतात आणि वृद्ध आई-वडील गावी राहतात. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवासाची सवलत आहे. परंतु ज्याला थांब्यापर्यंत चालवत नाही, बसची उंच पायरी चढवत नाही, त्याला ती सवलत कशी उपयोगी पडावी? डायलिसिसच्या रुग्णाला तर बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा जावे लागते आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास जातात.

अशा वृद्धांना विनामूल्य नेण्या-आणण्यास काही तरुण पुढे येतात, पण थोड्याच दिवसांत थकतात. याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिली अडचण खर्चाची. खाजगी वाहनातून भाडे घेऊन प्रवासी नेण्यास कायदा परवानगी देत नाही; म्हणून हे काम निखळ सेवा म्हणूनच व्हावे. इंधनाचा भार एकट्यावर पडू नये यासाठी जमातने निधी उभारावा. मात्र जकातीचे हकदार कुरआनने (अत्-तौबा : ६०) ठरवून दिले आहेत, हा खर्च ऐच्छिक सदक्यातून करावा.

दुसरी अडचण विम्याची. केवळ ‘थर्ड पार्टी’ विम्यात खाजगी मोटारीतील प्रवाशांना साधारणतः संरक्षण मिळत नाही. सेवा सुरू करण्यापूर्वी प्रवाशांसाठीचा विमा अवश्य घ्यावा. अमानत सांभाळणे हाही दीनचाच भाग आहे.

तिसरी अडचण पडद्याची. परक्या स्त्रीसोबत एकांत टाळण्याची प्रेषितांची (स.) ताकीद स्पष्ट आहे. परंतु तिच्या आधारे एखाद्या वृद्ध विधवेला उपचारावाचून घरी बसवून ठेवणे योग्य नव्हे. चालकाने आपली पत्नी, आई किंवा बहीण सोबत घ्यावी. तीच आजींना हात धरून उतरवील, तपासणीच्या वेळी जवळ राहील.

चौथी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. वृद्धांना उपकाराचे ओझे वाटते, म्हणून ते बोलावतच नाहीत. आणि चालकाच्या तोंडून नकळत “मीच तर नेले होते” असे निघून जाते. उपकार बोलून दाखवल्याने व मन दुखावल्याने सदका वाया जातो, असा इशारा सूरह अल्-बकरामध्ये (आयत २६४) आला आहे. वृद्धांना हळू उतरू द्यावे, घड्याळाकडे पाहू नये, त्यांच्या आजाराची चर्चा गावात करू नये.

हजरत मूसा (अ.स.) यांचा प्रसंग आठवावा (अल्-कसस : २३-२४). मदयनच्या पाणवठ्यावर दोन मुली आपली जनावरे आवरून थांबल्या होत्या. घरी वडील अतिशय वृद्ध होते. मूसा (अ.स.) स्वतः परके आणि गरजवंत होते, तरी त्यांनी जनावरांना पाणी पाजले, मोबदला मागितला नाही, सावलीत जाऊन बसले आणि आपली गरज केवळ अल्लाहपुढे मांडली. सेवा करणाऱ्यासाठी यात संपूर्ण धडा आहे.

वाचकहो, येत्या जुम्याला आपल्या मोहल्ल्यातील एकाकी वृद्धांची यादी करावी. पाच घरांनी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतला, तरी कोणा एकावर भार पडणार नाही. ज्याच्याकडे वाहन नाही, त्याने रुग्णालयात रांगेत उभे राहावे. तोही सदकाच आहे.

अल्लाह आपणा सर्वांना निष्ठेने सेवा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.