टिंब उमटलंच नाही

माझ्या व्हिजिटिंग कार्डांवर 'आंतररचना' हा शब्द 'आतररचना' असा छापून आला. पाचशेपैकी साठेक कार्डं वाटून झाल्यावर एका ग्राहकाच्या आईंनी ते माझ्या लक्षात आणून दिलं. "अहो, इथं टिंब राहिलंय का?" मी पाठवलेला मजकूर बरोबर होता. पीडीएफमध्ये टिंब दिसत होतं आणि ते बघूनच मी 'छापा' म्हणून कळवलं होतं.

पुण्यात ऑफिस थाटताना लेटरप्रेसची हौस केली होती. जाड कॉटन कागद, त्यात रुतलेली, बोटाला लागणारी अक्षरं. हल्ली अशा कामाला सहसा खिळे जुळवत नाहीत. फाइलवरून फोटोपॉलिमरची प्लेट करतात आणि ती जुन्या ट्रेडल छपाईयंत्रावर चढवतात. ही प्लेट धुताना भोवती आधार नसलेली बारीक टिंबं निघून जाऊ शकतात. माझा मजकूर सात पॉइंटांत, त्यात फॉन्ट स्क्रीनवर छान दिसणारा, हडकुळा. टिंब प्लेटवरच उरलं नव्हतं.

पुढं एका जुन्या कंपोझिटरकाकांना कार्ड दाखवलं. त्यांनी भिंग लावून शिरोरेघेवरून हळूहळू नजर फिरवली. खिळ्यांच्या काळातही आधी मोडायचे ते रफार आणि वेलांट्या, म्हणाले, कारण तो भाग खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबता असायचा. त्यांची प्रूफ बघायची रीत मी तेव्हापासून पाळतो: एकदा फक्त शिरोरेघेच्या वरचं बघायचं, एकदा फक्त खालचे उकार, मग फोन नंबरचा एकेक आकडा दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. आणि हे प्रूफ छापायच्या कागदावर, त्याच प्लेटनं काढलेलं हवं. त्यासाठी मशीन लावावं लागतं, पैसे वेगळे पडतात. मी ते वाचवले आणि सगळी कार्डं पुन्हा छापली.

काकांनी कार्ड उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला. त्यांच्या वेळी पाठीला दाब लागला तर मालक ओरडायचा, कारण शिसं, कथील आणि अँटिमनीचे ते खिळे अशानं झिजत. आज लोक त्या खोल दाबासाठीच पैसे मोजतात. मलाही तो आवडतो, पण दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर दाब हलका ठेवायला सांगा, किंवा पाठ कोरी सोडा. माझ्या पत्त्याच्या ओळींतून पुढच्या नावाचे फुगवटे वर आले होते. गडद कागदावर फिकी शाईही मागू नका. खालचा रंग तिच्यातून दिसतोच.

लेटरहेडचं दुखणं वेगळं. गठ्ठा आला त्याच दिवशी मी तो लेझर प्रिंटरमध्ये घातला. तेलाची शाई पुरती वाळली नव्हती. प्रिंटरच्या उष्णतेनं ती रोलरला लागली आणि करारनाम्याच्या पानापानावर माझ्या नावाचा डाग उमटला. कागद लेझरमधून जाणार हे छापखान्याला आधीच सांगायचं असतं, म्हणजे ते तशी शाई वापरतात. शिवाय काही दिवस गठ्ठा वाळू द्यावा.

दुसऱ्या खेपेला फॉन्ट ठसठशीत घेतला, मजकूर नऊ पॉइंटांत लावला. पहिलं कार्ड त्या आईंना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावला, ते खिडकीकडे तिरपं धरलं आणि आधी टिंब पाहिलं.