योगक्षेमातील ‘क्षेम’

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात ‘योगक्षेम’ हा शब्द आला आहे. श्रीशंकराचार्यांनी त्याचा अर्थ असा केला आहे की, जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले त्याचे रक्षण होणे हे क्षेम. अनन्य भक्तांचा हा दुहेरी भार भगवंत स्वतः वाहतात. ईश्वरालाही जेथे नुसता योग पुरेसा वाटला नाही, तेथे गृहस्थाला तो कसा पुरावा?

विवाह झाला, घर झाले, अपत्य झाले, की आपण कृतार्थ होतो. क्षेमाचे काम मात्र त्याच दिवशी सुरू होते.

दिल्लीत निजामुद्दीन भागात, मथुरा रस्त्यालगत, एक भव्य मकबरा आहे. अकबराचा सेनापती आणि हिंदी दोह्यांचा थोर कवी अब्दुल रहीम खानखाना याने तो आपली पत्नी माहबानू हिच्यासाठी इ. स. १५९८ च्या सुमारास बांधविला. इ. स. १६२७ मध्ये रहीमही तेथेच चिरविश्रांती पावला. ताजमहालापूर्वी सुमारे तीन दशके एका पतीने पत्नीसाठी उभारलेले हे स्मारक होय.

पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास शुजाउद्दौला याने आपला पिता सफदरजंग याचा मकबरा बांधविला, तेव्हा रहीमच्या मकबऱ्याचा संगमरवर व लाल दगड काढून नेण्यात आला. एका पुत्राच्या पितृप्रेमासाठी दुसऱ्याचे पत्नीप्रेम उघडे पडले! त्यानंतर दीर्घकाळ उपेक्षा झाली. भिंतींना भेगा पडल्या व वास्तू कोसळण्याच्या बेतास आली. अखेर इ. स. २०१४ ते २०२० या काळात पाथरवट, गवंडी आदी कुशल कारागिरांनी सुमारे पावणेदोन लक्ष मनुष्यदिवस राबून ती सावरली. तरीही घुमटाचा सगळा संगमरवर परत आला नाही. तळाशी थोड्याच भागावर तो बसविला आहे. जे हरवले ते कितीही श्रमांनी पूर्ववत् होत नाही, याची ही साक्ष होय.

येथे कोणी शंका घेईल की, तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी, गृह यांविषयी अनासक्त राहण्यास सांगितले आहे. मग ही जपणूक आसक्तीच नव्हे काय? नव्हे. आसक्ती म्हणते, ‘हे माझ्यासाठी असावे.’ क्षेम म्हणते, ‘याचे भले व्हावे.’ आसक्त मनुष्य प्रिय वस्तूला कवटाळतो, पण तिची धूळ पुसतोच असे नाही. अनासक्ती म्हणजे फलावरील हक्क सोडणे. कर्तव्य सोडणे नव्हे.

म्हणून वाचकांनी आपल्याच घरात पाहावे. वृद्ध मातेच्या चष्म्याची काच तडकली आहे काय? पत्नीचे दुखणे ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून लांबणीवर पडले आहे काय? वडिलांच्या हातची पोथी वाळवीच्या तोंडी चालली आहे काय? नोकरीसाठी दूर नगरी राहणाऱ्या पुत्राने केवळ पैसे पाठविले, म्हणजे क्षेम साधले असे होत नाही. विचारपूस हाही त्याचाच भाग आहे.

मृत्यूनंतर बांधलेला घुमट माहबानूला दिसला नाही. आपल्या माणसांना मात्र आपली सेवा आज दिसू शकते. ती आजच करावी, आणि ईश्वरार्पण बुद्धीने करावी; हाच गृहस्थाचा कर्मयोग होय.