वाळूचा कण आणि त्याचा खाली बसण्याचा वेग

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी काचेच्या भांड्यात भरून ठेवले, तर थोड्याच वेळात ते निवळू लागते. जाड वाळू तत्काळ तळाशी जाते, बारीक वाळू तिच्यावर थर धरते आणि मातीचे अतिसूक्ष्म कण मात्र कित्येक तास पाणी गढूळ ठेवतात. भांड्यातील पाणी एकच आणि कणांना खाली ओढणारे गुरुत्वाकर्षणही एकच. तरीही निरनिराळे कण निरनिराळ्या गतीने खाली बसतात. या गतीस अवसादन वेग असे म्हणतात. नदी, कालवे व धरणे यांतील गाळाच्या अभ्यासात कणाचे आकारमान आणि त्याचा अवसादन वेग या दोन गोष्टी पायाभूत होत. या दोहोंचे मापन कसे करतात आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून स्पष्ट होईल.

सतलजवरील प्रश्न

हिमाचल प्रदेशात सतलज नदीवर नाथपा झाकडी हा १,५०० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत् प्रकल्प आहे. त्याचे सहाही संच २००४ सालापर्यंत चालू झाले. नाथपा येथे अडवलेले पाणी २७ किलोमीटरांहून अधिक लांबीच्या बोगद्यातून झाकडीच्या विद्युत्गृहात जाते आणि चारशे मीटरांहून अधिक उंचीवरून टरबाइनांवर येते. उन्हाळ्यात व पावसाळ्यात या पाण्याबरोबर हिमालयाच्या झिजेचा गाळ मोठ्या प्रमाणात येतो. त्यात क्वॉर्ट्झचे कण विपुल असतात. मोहस यांच्या कठिनता मापक्रमात क्वॉर्ट्झचा क्रमांक ७ लागतो. म्हणजे काच आणि साधे पोलाद यांवर तो सहज ओरखडा काढतो. असे कण प्रचंड वेगाने टरबाइनांच्या पात्यांवर आदळत राहिले, तर पाती झिजून निकामी होतात.

हा उपद्रव टाळण्यासाठी बोगद्याच्या मुखाशी चार भूमिगत कक्ष खोदलेले आहेत. प्रत्येक कक्षाची लांबी ५२५ मीटर व खोली सुमारे २७·५ मीटर आहे. येथे पाणी संथ होते आणि ०·२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण तळाशी बसावेत, अशी योजना आहे. परंतु कक्ष किती लांब असावा, हे ठरवण्यापूर्वी ०·२ मिलिमीटरचा कण किती वेगाने खाली जातो, हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

चाळणीचे काम

वाळूच्या कणांचे आकारमान मोजण्याचे सर्वांत जुने साधन चाळणी हेच होय. नमुना प्रथम भट्टीत १०५ ते ११० अंश सेल्सिअस तापमानास कोरडा करतात व तोलतात. त्यानंतर एकाखाली एक रचलेल्या चाळण्यांच्या उतरंडीत तो घालून ती उतरंड यंत्राने हलवतात. सर्वांत वर मोठ्या भोकांची चाळणी व तळाशी बंद थाळी असते. शेवटी प्रत्येक चाळणीवर राहिलेली वाळू तोलली जाते.

समजा, १०० ग्रॅम वाळू घेतली. १ मिलिमीटरच्या चाळणीवर ५ ग्रॅम, ०·५ वर २०, ०·२५ वर ४०, ०·१२५ वर २५, ०·०६३ वर ८ आणि थाळीत २ ग्रॅम वाळू आढळली. यावरून ०·५ मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू ७५ टक्के व ०·२५ पेक्षा बारीक वाळू ३५ टक्के ठरते. म्हणून मध्यम आकारमान, ज्याहून निम्मी वाळू बारीक व निम्मी जाड असते, ते या दोन मापांच्या दरम्यान येते. चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात २ मिलिमीटरपासून ०·०६२५ मिलिमीटरपर्यंतच्या कणांस वाळू म्हटले आहे. त्याहून बारीक तो पोयटा आणि ०·००३९ मिलिमीटरपेक्षा बारीक ती चिकणमाती.

तथापि, चाळणी फक्त भोकातून जाणारे आणि न जाणारे कण वेगळे करते. लांबट कण उभा राहून निसटून जातो. अभ्रकाचा पातळ पापुद्रा क्वॉर्ट्झच्या गोलसर कणाबरोबर एकाच चाळणीवर अडकतो, पण पाण्यात सोडला की तो झाडाच्या पानाप्रमाणे हेलकावे खात सावकाश उतरतो.

स्टोक्स यांचा नियम

पाण्यात पडणाऱ्या कणावर वजन, पाण्याची उद्धरणशक्ती आणि पाण्याचा रोध अशी तीन बले कार्य करतात. कणाचा वेग वाढतो तसा रोधही वाढतो. लवकरच ही बले तुल्य होतात आणि त्यापुढे कण एकाच स्थिर वेगाने खाली जातो. केंब्रिज येथील गणितज्ञ जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सूक्ष्म गोलकासाठी हा रोध गणिताने काढला. त्यावरून असे निष्पन्न होते, की सूक्ष्म कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दुप्पट झाला, की वेग चौपट होतो. पाण्याची श्यानता, म्हणजे प्रवाहास होणारा त्याचा अंतर्गत विरोध, जितकी अधिक, तितका वेग कमी.

२० अंश सेल्सिअसच्या पाण्यात क्वॉर्ट्झचा ०·०२ मिलिमीटर व्यासाचा कण १० सेंटिमीटर अंतर सुमारे साडेचार मिनिटांत उतरतो. ०·००२ मिलिमीटरच्या कणास त्याच अंतरासाठी पावणेआठ तास लागतात. चाळणीतून न सापडणारे हे सूक्ष्म कण मोजताना प्रयोगशाळेत याच नियमाचा आधार घेतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून पिपेटने पाणी काढून, ते आटवून, मागे उरलेला गाळ तोलला जातो.

नियमाची मर्यादा

परंतु हा नियम जाड कणांना लागू पडत नाही. व्यास सुमारे ०·१ मिलिमीटरच्या पुढे गेला, की कणामागे पाणी घुसळले जाते आणि रोध अधिक वेगाने वाढतो. बऱ्याच मोठ्या कणांचा वेग व्यासाच्या केवळ वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. स्टोक्स यांच्या सूत्राप्रमाणे १ मिलिमीटरच्या कणाचा वेग सेकंदास ९० सेंटिमीटर यावयास हवा. प्रत्यक्षात तो १५ सेंटिमीटरांच्या आसपास असतो. म्हणून वाळूचा वेग सूत्राने न ठरवता उंच काचनळीत प्रत्यक्ष मोजणे श्रेयस्कर ठरते. नळीच्या वरच्या टोकास नमुना सोडतात आणि तळाशी किती वेळात किती वाळू जमते, याची नोंद घेतात.

आता सतलजकडे पुन्हा वळू. सूत्राने ०·२ मिलिमीटरच्या कणाचा वेग सेकंदास ३·६ सेंटिमीटर येतो. त्या वेगाने २७·५ मीटर उतरण्यास सुमारे १३ मिनिटे पुरतील. प्रत्यक्षातील वेग मात्र सुमारे २ सेंटिमीटरच आहे, म्हणून २३ मिनिटे लागतील. एवढ्या वेळात पाण्याने ५२५ मीटरांपेक्षा अधिक पुढे जाता कामा नये. अर्थात त्याचा वेग सेकंदास ३८ सेंटिमीटरांहून कमी राहिला पाहिजे. सूत्रावर विसंबून जो कक्ष बांधला जाईल, त्याची लांबी गरजेच्या जेमतेम निम्मी भरेल आणि वाळू थेट टरबाइनांवर जाईल. शिवाय हा हिशोब २० अंशांच्या निश्चल पाण्याचा आहे. बर्फ वितळून आलेले पाणी थंड असते. ५ अंशांस पाण्याची श्यानता २० अंशांच्या दीडपट होते. वाहत्या पाण्यातील भोवरेही कणांना पुन्हा वर उचलतात. म्हणून केवळ हिशोबावर न थांबता प्रतिकृतींवर प्रयोग करावे लागतात. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत् अनुसंधान केंद्रात, ज्याचा आरंभ १९१६ मध्ये झाला, असे प्रयोग केले जातात. इतके करूनही ०·२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण पाण्याबरोबर पुढे जातातच. पुराच्या दिवसांत गाळ फार वाढला, की संच बंद ठेवणेच हिताचे ठरते.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

काचेच्या उंच पात्रात ५० सेंटिमीटर पाणी घ्यावे. नदीची वाळू धुऊन, वाळवून, दोन-तीन निरनिराळ्या चाळण्यांनी वेगळी करावी. कणांस हवेचे बुडबुडे चिकटू नयेत म्हणून वाळू प्रथम भिजवावी आणि एका वेळी थोडेच कण सोडावेत, कारण कणांचा पुंजका एकट्या कणापेक्षा लवकर खाली जातो. १ मिलिमीटरचे कण तीन-चार सेकंदांत, तर ०·२ मिलिमीटरचे सुमारे पंचवीस सेकंदांत तळ गाठतील. बारीक वाळूचा प्रयोग थंड व कोमट पाण्यात करून दोन्ही वेळा ताडून पाहाव्यात. वाळूत अभ्रकाचे चकाकणारे पापुद्रे असतील, तर तेही वेगळे काढून सोडून पाहावेत. ज्या चाळणीने त्यांना वाळूच्या कणांबरोबर एका पंक्तीत बसवले, तिचा निर्णय पाणी मान्य करीत नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.